एवढ्या लांबून धरतं कोण?

‘अहो, दोन अणूंमध्ये एवढं अंतर, मग त्याला रेणू कशाला म्हणायचं?’ शाळेतलं व्याख्यान असो की घरी आलेले पाहुणे, मी रिडबर्ग रेणूंचं, म्हणजे एक अणू खूप उत्तेजित असलेल्या महाकाय रेणूंचं, नाव काढलं की हा प्रश्न येतोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शंका रास्त आहे. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणूंमधलं अंतर 0.12 नॅनोमीटर. 2009 साली जर्मनीत श्टुटगार्टला रुबिडियम या धातूचा असा रेणू पहिल्यांदा दिसला, त्यात ते होतं सुमारे 100. तिथे एका अणूचा इलेक्ट्रॉन लेझरने पस्तिसाव्या ऊर्जापातळीच्या आसपास नेला होता. एवढ्या वर गेलेला इलेक्ट्रॉन इतका लांब भटकतो, की दुसरा अख्खा अणू त्याच्या अंगणात मावतो. त्या अणूवरून तो विखुरतो आणि त्या विखुरण्यातूनच ओढ तयार होते. अणू बसतो इलेक्ट्रॉनच्या लाटेच्या सर्वांत बाहेरच्या, मोठ्या उंचवट्यापाशी. यामागचं गणित भौतिकशास्त्रज्ञ फर्मीने 1934 मध्येच केलं होतं. त्याला फक्त वायूच्या दाबाने प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा का सरकतात ते हवं होतं. त्यावरून रेणूचं भाकीत करायला 2000 साल उजाडलं.

पण ओढ सरसकट नसते, आणि माझा जीव अडकलाय तो इथेच. भटक्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत, चुंबकासारखा रोख) आणि अंगणातल्या अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन समांतर असले, तर रुबिडियममध्ये प्रकीर्णन लांबी (विखुरण्यातून ओढ येते की ढकलणं, आणि किती, हे सांगणारं माप) येते उणे 16 बोर त्रिज्यांच्या (बोर त्रिज्या म्हणजे अणूंच्या जगातलं लांबीचं एकक) आसपास. उणे म्हणजे ओढ. विरुद्ध असले तर जेमतेम अधिक 0.6, म्हणजे उलट किंचित ढकलणंच.

सरळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्या अणूचा इलेक्ट्रॉन मोकळा कुठे आहे! तो स्वतःच्या अणुकेंद्रकाला 6.8 गिगाहर्ट्झच्या दाव्याने बांधलेला (इथे ऊर्जा वारंवारतेच्या एककात मोजतात). रेणूचं बंधन त्यापुढे किरकोळ, वीस-पंचवीस मेगाहर्ट्झचं. त्यामुळे समांतर आणि विरुद्ध यांची खिचडी होते, आणि वर्णपटात घट्ट बांधलेल्या, खोल रेणूशेजारी सैल बांधलेल्या, उथळ रेणूचीही रेषा उमटते. झुरिकमध्ये 2015 साली सीझियम या तशाच धातूवर ती नीट मोजली गेली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या गटाने तर कमाल दाखवली: लेझरने उत्तेजित केला एक अणू, आणि स्पिन पालटला शेजाऱ्याचा! आता या दोन अणूंना परके कसं म्हणू?

यावर पाहुणे हमखास विचारतात, ‘टिकतो किती?’ दहा-वीस मायक्रोसेकंद. मग चहा येतो.