पाणलावा

१९ जानेवारी, रात्री साडेदहा

सकाळी सिरपूर तलावावर गेले होते. शेजारचा मुलगा बरोबर होता, त्याला पक्ष्यांचं वेड. काठच्या चिखलाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काकू, तो बघा पाणलावा." मला नुसतं वाळलं गवत दिसत होतं. दोन-तीन मिनिटं डोळे ताणल्यावर त्या गवतातल्या काही काड्या म्हणजे पिसांवरच्या रेघा आहेत, हे लक्षात आलं. लांब चोच, काळाभोर डोळा, आणि हालचाल अजिबात नाही. आम्ही आणखी दोन पावलं टाकली तेव्हा कुठे तो चिरकत उडाला. तोही सरळ नाही, डावी-उजवीकडे हिसके घेत.

इंग्रजीत याला स्नाइप म्हणतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले इंग्रज अधिकारी याची शिकार करत. असा वेडावाकडा उडणारा पक्षी टिपायचा म्हणजे नेमबाज पक्का हवा, त्यावरून लपून लांबून अचूक टिपणाऱ्या सैनिकासाठी स्नायपर हा शब्द रुळला. आपल्याकडच्या चिखलातून निघालेला शब्द साऱ्या जगाच्या फौजांमध्ये गेला!

घरी आल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत स्नायपर ल्युदमिला पावलिचेन्कोच्या आठवणींचं पुस्तक पुन्हा काढलं. तिसरं वाचन. कीवला इतिहास शिकणारी मुलगी. १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्या तशी भरती व्हायला गेली. आधी ओडेसा, मग सेवास्तोपोल. तिथेच तिचा नवरा गेला, तोही स्नायपर होता. १९४२ मध्ये तिला अमेरिकेला पाठवलं, तेव्हा वय २६. आणि तिथल्या वार्ताहरांनी विचारलं काय, तर आघाडीवर बायका रंगरंगोटी करतात का, तुमचा गणवेशाचा स्कर्ट असा बेढब का. हे पान आलं की मला दरवेळी संताप येतो. पुस्तक मिटून थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं.

तिच्या नावावर ३०९ बळी. तिच्याच फौजेतल्या झैत्सेव्हच्या नावावर स्टालिनग्राडला २२५. सोव्हिएत फौजेशी लढलेल्या फिनलंडच्या सिमो हायहाच्या नावावर पाचशेच्या वर. पूर्वी हे आकडे मी वहीत उतरवून ठेवायचे. ते बंद झालं मामांमुळे.

मामा महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये, म्हणजे पायदळाच्या शाळेत, उस्ताद म्हणजे शिकवणारे होते. आठवीत असताना मी त्यांना विचारलं होतं, "मामा, तुम्ही किती मारले?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "किती ते नाही विचारायचं, बाळ. अंतर किती होतं ते विचार, वारा कुठून होता ते विचार." मग गच्चीवर नेलं. मे महिना, समोरच्या पत्र्यांवर उन्हाच्या झळा. "बघ, झळा कुठे कलतात? तिकडे वारा चाललाय." स्नायपरच्या शेजारी दुर्बीण घेऊन पडलेला जोडीदार हेच बघत असतो, हे तेव्हा कळलं. तोवर माझी समजूत की स्नायपर एकटाच असतो.

त्याच दुपारी त्यांनी मला छऱ्याच्या बंदुकीमागे पालथं झोपवलं. बंदूक रिकामी होती. नळीच्या टोकाशी चार आण्याचं नाणं ठेवलं. श्वास सोडायचा, पुढचा घ्यायच्या आधी जो थांबा येतो त्यात बोट हळूच मागे घ्यायचं आणि नाणं पडू द्यायचं नाही. "शिस्त घे," म्हणाले. मला वाटलं, नीट वाग म्हणताहेत. फौजेत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम, पण ते मला फार उशिरा कळलं. नेम आणि वळण, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द! तेव्हापासून ही पुस्तकं मी त्या शब्दावर बोट ठेवूनच वाचते.

हायहा तर बंदुकीला दुर्बीणही लावत नसे. काचेला डोळा लावायचा तर डोकं जरा वर न्यावं लागतं, काच गोठते, चमकते. शून्याखाली वीस, कधी चाळीस अंश. नळीपुढचं बर्फ दाबून घट्ट करायचा, म्हणजे गोळी सुटताना भुसा उडणार नाही. तोंडात बर्फ धरायचा, म्हणजे श्वासाची वाफ दिसणार नाही. मार्च १९४० मध्ये गोळीने त्याचा जबडा फोडला, पण तो जगला, पुढे शेती-शिकार करत ९६ वर्षांचा होऊन गेला. तोंडातलं ते बर्फ माझ्या डोक्यातून जात नाही. तासन् तास!

हे मघाशी म्हणाले, "माणसं टिपणाऱ्यांचं एवढं कौतुक?" प्रश्न रास्तच आहे. तोफ डागणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही. दुर्बिणीतून बघणाऱ्याला त्याची वाढलेली दाढी दिसते, तो हात चोळतोय तेही दिसतं. ते बघून, आपल्या मागच्या माणसांसाठी बोट मागे घ्यायचं आणि पुढे आयुष्यभर ते आठवत राहायचं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. यांना तेवढंच सांगितलं.

२०२४ मध्ये आपल्या इंदुरातच, सीमा सुरक्षा दलाच्या शाळेत सुमन कुमारी आठ आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करून दलातली पहिली महिला स्नायपर झाली. बातमी वाचली तेव्हा मामा हवे होते असं फार वाटलं. त्यांनी नक्की विचारलं असतं, वारा कुठून होता.

त्या दुपारी नाणं किती वेळा पडलं ते मोजलं नाही. उन्हं कलल्यावर एकदा टिकलं. मामांनी ते उचलून माझ्या हातावर ठेवलं. अजून कपाटात आहे.

उद्या पुन्हा सिरपूरला जायचंय. मुलगा म्हणालाय, "काकू, या वेळी आधी तुम्ही शोधायचा."