मॅच लागला, पण कोणाशी ते सांगत नाहीत

फोन आला तेव्हा मी एसडीपीच्या, म्हणजे एकाच डोनरकडून प्लेटलेट काढायच्या मशीनवर किट चढवून राहिलो होतो, दोन्ही हात अडकलेले, म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही. बाहेरगावचा नंबर, वाटलं असेल कोणी लोनवाला. परत वाजला, तिसऱ्यांदा वाजला, मग ग्लोव्ह काढून उचलला तर तिकडून मगजाच्या (बोन मॅरोच्या) डोनरांची नावं ठेवणाऱ्या रजिस्ट्रीतल्या एक मॅडम हिंदीत बोलत होत्या, की सर तुम्ही २०२१ ला एका कॉलेजातल्या कॅम्पमध्ये गालातला स्वॅब दिला होता, आठवतं का, बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागणाऱ्या एका पेशंटशी तुमचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणांचा संच, जुळतोय, अजून पक्कं नाही पण जुळतोय, तुम्ही तयार आहात का.

मी नागपूरला धंतोलीतल्या एका ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, सात वर्षं झाली. दिवसभर लोकांच्या हाताला सुया लावतो, पिशव्या हलवतो, क्रॉसमॅच करतो, म्हणजे डोनरचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघतो. तरी "मॅच" हा शब्द माझ्यासाठी कोणी वापरला आणि मी खरंच भिंतीला टेकलो.

त्या सकाळचं आधी सांगतो, नाहीतर मी एवढा का हललो ते कळणार नाही. मे महिना म्हणजे आमच्याकडे हाल असतात. कॉलेजं बंद, कॅम्प नाहीत, ४५-४६ च्या उन्हात कोण येतं रक्त द्यायला, आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांच्या अंगात नीट रक्त तयार होत नाही अशा लेकरांना तर उन्हाळा असो की पावसाळा दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतंच. त्या दिवशी उमरेडकडून एक बाप आला होता, आठ वर्षांची मुलगी, वर डे-केअरला तिला चढवायचं होतं आणि फ्रीजमध्ये तिच्या ग्रुपची एकच पिशवी. मुलीच्या हातावर मेहंदी होती, घरात कोणाचं तरी लग्न झालं असणार. दोन्ही हात गच्च भरलेले, फक्त डाव्या हाताच्या मागे रुपयाएवढी जागा कोरी ठेवली होती. मी विचारलं हे राहिलं का गं, तर म्हणाली नाही काका, तिथं सुई लावतात ना.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी तिच्या भावाची तपासणी झाली होती, नाही जुळला. लोकांना वाटतं सख्खा भाऊ म्हणजे जुळणारच. तसं नसतं, एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो अर्धा बापाकडून, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळायचा चान्स २५ टक्केच. घरात नाही मिळाला की मग परक्यांमध्ये शोधायचं, आणि तेही सहसा आपल्याच भागातल्या, आपल्याच वंशाच्या लोकांत सापडायची शक्यता जास्त, कारण हे मार्कर पिढ्यान्‌पिढ्या तसेच खाली येतात. म्हणजे भारतातल्या पोराला भारतातलाच कोणीतरी लागतो बहुतेक वेळा. आणि आपल्याकडे एवढी लोकसंख्या असून रजिस्ट्रीत नावं किती कमी.

तर मी फोनवर "हो" म्हणालो. लगेच म्हणालो. नाव, गाव, हॉस्पिटल काहीच सांगत नाहीत, मी विचारलंही, त्या म्हणाल्या नियम नाही सर. एवढंच कळलं की पेशंट लहान मूल आहे.

आमच्या ब्लड बँकेच्या डॉक्टर मॅडमना सांगायला गेलो तर त्यांनी आधी खुर्ची दिली. म्हणाल्या अभिनंदन वगैरे नंतर, आधी ऐक. ट्रान्सप्लांटच्या आधी त्या लेकराला जबर केमो देतील, त्याचा स्वतःचा मगज, म्हणजे हाडातला बोन मॅरो, पूर्ण मारून टाकतील, मगच तुझ्या पेशी आत जातील. तो केमो सुरू झाल्यावर तू मागे फिरलास तर त्याच्याकडे परतीचा रस्ता नाही. नाही म्हणायचं असेल तर आज म्हण, आज म्हणालास तर कोणी तुला नावं ठेवणार नाही. त्यांनी असं झालेलं पाहिलेलं आहे, केमो सुरू व्हायच्या आधीच झालं हे नशीब म्हणा, पण तारीख ठरल्यावर डोनरच्या घरच्यांनी फोन उचलणंच बंद केलं होतं. त्या पेशंटचं पुढे काय झालं ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी त्यांना म्हणालो मॅडम मी पक्का आहे. पण घरी आई होती.

मानेवाड्याला घरी पोचलो तेव्हा ती कूलरमध्ये पाणी टाकून राहिली होती. मी सांगितलं आणि तिच्या हातातला पाइप तसाच चालू राहिला, अंगणभर पाणी. "काहाले पडतं बापा त्या भानगडीत, पाठीत सुई टोचतेत, माणूस लुळा पडते. तुह्या लग्नाचं पाहून राहिलो न आम्ही." ही पाठीतल्या सुईची भीती मी ब्लड बँकेत हजार वेळा ऐकली आहे, लोक बोन मॅरो म्हटलं की मणका धरून बसतात. मणक्याचा काही संबंधच नाही. आईला मी सांगितलं, आई, सावजीच्या मटणात नळी असते न, त्यातलं ते मऊ मऊ, ते म्हणजे मगज, तिथं रक्त तयार होतं. पूर्वी तो कमरेच्या हाडातून भूल देऊन काढायचे, अजूनही कधी कधी काढतात, पण आता बहुतेकदा हातातूनच घेतात. पाच दिवस एक इंजेक्शन, त्यानं मगजातल्या मूळ पेशी वाढतात आणि रक्तात उतरतात, मग मी ज्या मशीनवर रोज लोकांना बसवतो तसल्याच मशीनवर मला चार-पाच तास बसवतील. एका हातातून रक्त जाईल, मशीन त्यातल्या तेवढ्या पेशी बाजूला काढेल, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. माझ्या पेशी काही आठवड्यांत भरून येतील.

"दुखत नाही म्हण मग." मी खोटं नाही बोललो. त्या इंजेक्शननं हाडं ठणकतात, कंबर दुखते, डोकं जड होतं, ताप आल्यासारखं वाटतं, काढून झालं की जातं. मशीनवर ओठाला मुंग्या येतात, मी डोनरला कॅल्शियमची गोळी चघळायला देतो न, तीच मला देतील. पैसे किती मिळतात असं शेजारच्या काकूंनी विचारलं, काहीच नाही मिळत, आणि आपल्यालाही काही भरायचं नसतं.

आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, मी तिला ब्लड बँकेत घेऊन आलो आणि चालू मशीन दाखवलं. एक मेडिकलचा विद्यार्थी प्लेटलेट देऊन राहिला होता, मोबाइलवर मॅच बघत. आईनं त्याला विचारलं, दुखतं का रे बाबू? तो म्हणाला नाही काकू, हात थंड पडतो थोडा. मग ती काचेतून कितीतरी वेळ त्या पिवळ्या पिशवीकडे बघत बसली. खाली उतरताना म्हणाली, लेकरू किती वर्साचं आहे? मी म्हणालो सांगत नाहीत. "माय नसन का त्याची," एवढंच म्हणाली, आणि ऑटोत बसली.

सोमवारी सॅम्पल घेतलं. आमच्याच सिस्टरनं घेतलं, कुरिअरनं गेलं, त्यात एचएलए परत खोलात तपासतात आणि एचआयव्ही, कावीळ बी-सी वगैरे. माझ्या एका सहकाऱ्यानं विचारलं अरे रक्तगट जुळला का, तर तो जुळावाच लागतो असं नाही, ट्रान्सप्लांटनंतर हळूहळू पेशंटचा गट डोनरचा होतो. आम्ही दोघंही दिवसभर गटच तपासतो, त्यामुळे ते ऐकून तो थांबला आणि म्हणाला, म्हणजे तुझा बी पॉझिटिव्ह त्या पोराच्या अंगात फिरेल जन्मभर. मी तोपर्यंत तसा विचार केलाच नव्हता.

मग वाट बघणं. मी त्या काळात ड्युटीत फोन सायलेंटवर ठेवला नाही. साधा सर्दी-खोकला झाला तरी रजिस्ट्रीला कळवलं. बाहेरची तर्री सोडली, गाडी हळू चालवली, वर्धा रोडला कोणी ओव्हरटेक केलं तर करू दिलं. आईनं टेकडीच्या गणपतीला बोलून ठेवलं होतं की पोरगं धडधाकट परत आलं की नारळ फोडीन.

सात आठवड्यांनी फोन आला, त्याच मॅडम. म्हणाल्या सर तुमचा सगळा रिपोर्ट चांगला आहे पण सध्या रिक्वायरमेंट बंद झाली, तुमचं नाव रजिस्ट्रीत राहील. मी विचारलं दुसरा डोनर मिळाला का? त्या म्हणाल्या सर आम्हाला तेवढंच कळवतात. मी विचारलं की पेशंट बरा आहे का. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, नाही सांगता येत सर, थँक्यू तुम्ही तयार राहिलात.

जास्त चांगला जुळणारा डोनर सापडला असेल. डॉक्टरांनी औषधावरच ठेवायचं ठरवलं असेल. किंवा घरच्यांकडे पैसे जमले नसतील. किंवा चौथं. मी ब्लड बँकेत काम करतो, मला चौथंही माहीत आहे.

त्या दिवशीच उमरेडची मुलगी आली होती रक्त चढवायला. मेहंदी उडून गेली होती, नखांवर फक्त केशरी रेघ राहिली होती.

घरी आईला सांगितलं तर मला वाटलं सुटकेचा श्वास सोडेल. ती पोळ्या करून राहिली होती, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "मंग त्या लेकराचं काय झालं बापा?" मी म्हणालो माहीत नाही आई. तिनं परत विचारलं नाही. मंगळवारी मी ड्युटीला निघालो तेव्हा ती आधीच तयार होऊन बसली होती, पिशवीत नारळ. म्हणाली, मले टेकडीवर सोडून दे.