बंद दिव्यातला उजेड

अठरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका चौकातल्या सिग्नलचे जुने बल्ब काढून एलईडी बसवायचं काम आमच्याकडे होतं. रात्री अकराला शिडी लावली. जुन्या डब्यात शंभर वॅटचा बल्ब, मागे काळवंडलेला रिफ्लेक्टर, तळाशी भाजलेल्या किड्यांचा थर. पांढरा उजेड लाल काचेतून गाळायचा, म्हणजे बराचसा काचेतच अडायचा. एलईडी मुळात लालच उजेड देते, त्यामुळे दहा-बारा वॅटमध्ये भागतं. पहाटे चारला खूश होऊन चहाला गेलो.

सहा वाजता हवालदारांचा फोन. "साहेब, लाल लागलाय आणि खाली हिरवापण मिणमिणतोय!" जाऊन पाहिलं तर खरंच. उजाडलं नव्हतं, त्यामुळे फिकट हिरवा स्पष्ट दिसत होता. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "जायचं का थांबायचं, एकदा ठरवा." सिग्नल बंद केला आणि हवालदार शिट्टी घेऊन मध्ये उभे राहिले.

मल्टिमीटर लावला. बंद असलेल्या हिरव्याच्या वायरवर दीडशे व्होल्टच्या वर! माझ्या हेल्परने हात झटकून मागे घेतला. शॉर्ट शोधण्यात तास गेला, सापडला नाही. शेवटी वैतागून त्याच वायरीला जुना बल्ब जोडला, तर व्होल्टेज शून्य. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कंट्रोलरमधला ट्रायॅक, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद असला तरी त्याच्या बाजूला जोडलेल्या कपॅसिटरमधून काही मिलिअँपिअर झिरपत असतात. थंड बल्बची तार जेमतेम चाळीस ओमची, ती हे मुकाट्याने गिळते. एलईडीला मात्र तेवढंही पुरतं. इतकी वर्षं ही गळती होतीच, बल्ब तिच्यावर पांघरूण घालत होता.

बल्बऐवजी ही गळती गिळणारा योग्य रेझिस्टर मिळायला दोन दिवस लागणार होते. तोवर काय? कंट्रोलरच्या कॅबिनेटमध्ये होल्डर टांगून प्रत्येक हिरव्याला समांतर एकेक साठ वॅटचा बल्ब. वीज वाचवायच्या कामात! साहेबांना फोनवर सांगताना मी आवाज जरा खालीच ठेवला.

संध्याकाळी हवालदार कॅबिनेटपाशी वाकून बघत होते. हिरवा लागला की दाराच्या फटीतून पिवळा उजेड यायचा.

"काय हो, बल्ब काढायला आला होतात ना?"

"काढले ना. वरचे."