तेराव्या फेरीचा हिशेब

रविवार, रात्री

आज जो लुइस आणि बिली कॉनची १९४१ ची हेवीवेट बॉक्सिंग किताबाची लढत पुन्हा पाहिली. कॉन मूळचा लाइट हेवीवेट, म्हणजे एक वजनगट खालचा, लुइसपेक्षा सुमारे २५ पौंडांनी हलका. तरी बारा फेऱ्या त्याने लुइसला नुसतं फिरवलं. दोन पंचांकडे तो पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. मग तेराव्या फेरीत गड्याला नॉकआउटची हाव सुटली, तो लुइसच्या टप्प्यात शिरला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला.

तेव्हा किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची असायची. आजच्या बारा फेऱ्यांच्या नियमाने ती बाराव्या फेरीतच संपली असती आणि किताब कॉनचा!

हेवीवेट रॉकी मार्सियानोचंही तेच. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात ३८ वर्षांच्या विजेत्या जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे वॉलकॉटच पुढे. तेराव्यात मार्सियानोचा जवळून आलेला उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरीत हात अडकून तसाच खाली घसरला. ज्या ४९-० (४९ विजय, एकही हार नाही) या कामगिरीच्या जोरावर लोक मार्सियानोला सगळ्या काळातला श्रेष्ठ म्हणतात, ती त्या तीन जादा फेऱ्यांवर उभी आहे.

अर्थात हा हिशेब थोडा लबाडीचा आहे. बाराच फेऱ्या आहेत हे ठाऊक असतं तर लुइस आधीच तुटून पडला असता. मार्सियानो दंडांवर, खांद्यांवर, मिळेल तिथे मारत राहायचा. समोरच्याचे हात जड झाले की मग डोकं. ही शैली लांबच्या लढतीचीच. तिला बारा फेऱ्यांत कोंबून गुण देणं मला पटत नाही. म्हणून 'कोण भारी' या वादात मी हल्ली फक्त मुहम्मद अलीचं नाव घेतो. पायांच्या जोरावर गुण घेणारा म्हणून तो बारा फेऱ्यांतही चालला असता. आणि १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरचा तो डावा हुक जबड्यावर घेऊन आडवा झाला, तरी लगेच उठून फेरी पुरी केली. हरला, ते सोडा.

पंधरा फेऱ्या परत याव्यात असं मात्र मला वाटत नाही. १९८२ मध्ये लास वेगासला मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम काही दिवसांत गेला. त्यानंतरच डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने आपल्या किताबाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, इतर संघटना मागाहून आल्या.