अल्को मळवताना

डब्ल्यूडीएम-२ या डिझेल रेल्वे इंजिनाचं (रचना अमेरिकेच्या अल्को कंपनीची, म्हणून त्याला अल्कोच म्हणतात) एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, मॉडेल परवा पुरं झालं. कंपनीचा चकचकीत लाल रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने काढला, प्रायमर मारला. आधी क्रीम, त्यावर मास्किंग टेपचा पट्टा, मग मरून. उलट क्रम घेतला तर क्रीमखालून मरून डोकावत राहतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या नोझलमध्येच सुकतो, त्यामुळे सगळं काम भल्या सकाळी, बाल्कनीत.

रंग छान बसला तेव्हा घरातून प्रश्न आला, "अहो, एवढं चकाचक करून आता त्याच्यावर घाण का फासताय?"

कारण चकाचक अल्को मी कधी पाहिलीच नाही. मिरज मार्गावर वीज येण्याआधी मुंबईहून आलेल्या कोयना एक्सप्रेसचं विजेचं इंजिन पुणे स्टेशनात सुटायचं आणि डिझेल लागायचं. आदर्कीच्या चढावर त्याचा काळाकुट्ट धूर खिडकीतून आत यायचा. ड्रायव्हरने नॉच (शक्ती वाढवायच्या दांड्याचा टप्पा) वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि न जळलेला कार्बन बाहेर येतो. म्हणून काजळी फक्त धुराड्याभोवती आणि तिथून छतावर पसरत जाणारी. काळी पेस्टल खडू ब्लेडने किसून, कोरड्या ब्रशने.

मळ कुठून आला ते ठाऊक नसेल तर ब्रश उचलूच नये, असं माझं ठाम मत आहे. अंगभर सारखाच तपकिरी फवारा मारलेली इंजिनं बघवत नाहीत. बोगींवर (चाकं धरणाऱ्या सांगाड्यांवर) गंजाळलेला तपकिरी, कारण बिडाच्या ब्रेक ब्लॉकची भुकटी तिथेच उडते. इंधन टाकीवर भरण्याच्या तोंडाखाली डिझेलचे ओघळ. ते ओलसर दिसायला हवेत, म्हणून सगळीकडे मॅट वार्निश मारून झाल्यावर एवढ्याच जागी ग्लॉस. कॅबच्या दांड्यांवर रंग उडालेला, हात लागून लागून.

आतलं काम त्या मानाने सरळ. तापकीर गल्लीतून वॉर्म व्हाइट एलईडी आणि एक किलोओहमचे रेझिस्टर आणले, आठ पिनांचा डीसीसी डिकोडर (रुळातून आलेले डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं सर्किट) बसवला. जुन्या चासीत मोटरचा एक ब्रश (तिला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो. तो आधी वेगळा करायचा, नाहीतर डिकोडर जळालाच. गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, मात्र काही करता येत नाही. आपला १६७६ मिमीचा रूळ १:८७ ने १९.३ मिमी भरतो आणि एचओचा रूळ १६.५ मिमीचा. समोरून पाहिलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.

स्मोक युनिट बसवा, असं एका मित्राचं म्हणणं. त्यातल्या तेलाचा धूर पांढरा निघतो. अल्कोला पांढरा धूर? नको.