‘व्हिंटेज कॉस्च्युम, १ नग’

लॉस एंजेलिसहून निघालेलं पाकीट चौथ्या दिवशी मुंबईत उतरलं. तिथून ठाण्यात माझ्या घरी यायला त्याला २३ दिवस लागले. हे लिहितेय ते त्या २३ दिवसांपायी. बोली लावणं, कार्डाने पैसे भरणं, आधार-पॅन अपलोड करणं हे सगळं एका संध्याकाळीच उरकलं होतं.

आत होता एक कागद, टीव्हीवरच्या एका पोशाखाचं हाताने काढलेलं चित्र. ‘द कॅरल बर्नेट शो’ हा सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९६७ ते १९७८ अशी अकरा सीझन चाललेला विनोदी कार्यक्रम, वेशभूषा बॉब मॅकीची. खिडकीचा पडदा दांडीसकट झगा म्हणून अंगावर चढवून जिना उतरणारी बर्नेटबाई बऱ्याच जणांनी यूट्यूबवर पाहिली असेल. १९७६ सालचा तो हिरवा झगा आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मी हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळते. त्या प्रवेशात संवाद सुरू व्हायच्या आधीच लोक हसतात, कारण सगळी गंमत शिवणात आहे. ते पाहिल्यापासून मॅकीचं एक तरी चित्र घरात हवं असं डोक्यात बसलं होतं.

बर्नेटबाईंच्या पोशाखांची चित्रं माझ्या ऐपतीबाहेरची. मी घेतलं ते मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलीचं. जलरंग, वर पेन्सिल, कोपऱ्यात स्टेपल केलेला दोन बोटं लाल साटिनचा तुकडा आणि कडेला घाईत लिहिलेलं ‘असे ४’. शिंप्यासाठीची सूचना. मला तर चित्रापेक्षा तीच जास्त आवडली.

आणि पाठवणाऱ्या कुणीतरी इन्व्हॉइसवर लिहिलं: ‘व्हिंटेज कॉस्च्युम, १ नग’. ‘स्केच’ हा शब्दच गाळला!

पाचव्या दिवशी कुरियरवाल्यांचा मेसेज आला. वापरलेले कपडे, आयातीवर निर्बंध, परवाना सादर करा. आपल्याकडे जुन्या कपड्यांच्या आयातीला खरंच परवाना लागतो, त्यामुळे नियम चूक नव्हता. फक्त माझ्या पाकिटात कपडे नव्हते. हे मी फोनवर निदान आठ वेगवेगळ्या लोकांना सांगितलं असेल.

“मॅडम, कॉस्च्युम म्हणजे कपडेच ना?”

“अहो, कपड्याचं चित्र आहे. कागद.”

“पण सिस्टिममध्ये कपडे दाखवतंय.”

“पाकीट वाकवून बघा, कपडे वाटतात का!”

“ओपन करायची परमिशन नाही मॅडम.”

हा संवाद मला आता पाठ आहे. दर वेळी नवा तक्रार क्रमांक आणि ‘४८ तासांत कळवतो’. शेवटी एक दिवस रजा टाकून त्यांच्या गोदामावर गेले. जुलैतला पाऊस, पाय चिखलात, आणि खिडकीवर तेच उत्तर. बाहेर चहा पिताना एक कस्टम एजंट भेटले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, “ताई, इथं भांडून उपयोग नाही. पाठवणाऱ्याकडून सुधारित इन्व्हॉइस मागवा. कागद कागदानेच सुटतो.” एवढंच मला त्या आठांपैकी कुणीही सांगितलं नव्हतं.

लॉस एंजेलिसला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तीन रात्री फोन केले. चौथ्या रात्री बदललेलं इन्व्हॉइस आलं: ‘कागदावर हाताने काढलेलं मूळ जलरंग चित्र, कपडा नाही’.

सुटलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. मग प्रश्न आला कोडचा, म्हणजे कस्टमच्या यादीत वस्तू कुठल्या क्रमांकाखाली बसते त्याचा. पूर्ण हाताने काढलेली चित्रं ९७०१ मध्ये जातात, पण औद्योगिक किंवा व्यापारी कामासाठी हाताने काढलेली मूळ ड्रॉइंग्ज ४९०६ मध्ये. ‘डिझाइन’ म्हटलं की ४९०६ का नाही, असं विचारलं गेलं. प्रश्न वाईट नव्हता, खरं सांगायचं तर मला जरा अभिमानच वाटला की कुणीतरी अखेर चित्राचा विचार करतंय. मी लिहून दिलं की हे यंत्राचं किंवा इमारतीचं रेखाटन नाही, जलरंगातलं नाचणाऱ्या मुलीचं चित्र आहे, सोबत फोटो. त्यावर उत्तर: फोटोत कापडाचा तुकडा दिसतोय. दोन बोटं साटिन! त्याच्यावर आणखी तीन दिवस गेले. शेवटी ९७०१ खाली सुटलं. गोदामभाडं मात्र मीच भरलं, आणि ते कशाचं म्हणून विचारलं तर ‘सिस्टिम लावते’.

म्हणून, असं चित्र मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधीच इन्व्हॉइसचा मजकूर मागून घ्या. तुकडा जोडलेला असेल तर तेही आधीच लिहायला लावा. तो काढून पाठवा असं मात्र चुकूनही सांगू नका, चित्राची निम्मी गंमत त्यात असते. गुंडाळी नको, दोन पुठ्ठ्यांत सपाट हवं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: बोली लावण्याआधी चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. पात्राचं नाव, प्रवेश, मापं कधीकधी तिथे सापडतात. आणि सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, पोशाख एकाचा आणि चित्र दुसऱ्याच्या हातचं असू शकतं. स्वतः मॅकी सुरुवातीला इतरांसाठी चित्रं काढायचा. १९६२ साली मेरिलिन मन्रोने केनेडींच्या वाढदिवसाला घातलेला तो प्रसिद्ध पोशाख जाँ लुई या वेशभूषाकाराचा, पण त्याचं चित्र मॅकीचं. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छापील प्रत समजा. बोलीच्या आकड्यावर लिलाववाल्यांचं कमिशन चढतं, तेही धरून चाला. मी धरलं नव्हतं.

फ्रेमवाला “मॅडम, लॅमिनेट करून देतो, पावसाळ्यात बुरशी येणार नाही” म्हणाला. मी चित्र उचलून बाहेर आले. दुसऱ्याकडून आम्लरहित माउंट करून घेतलं, काच चित्राला टेकू दिली नाही. स्टेपलची पिन गंजलीय, ती तशीच ठेवलीय. बाथरूमला लागून नसलेली, ऊन न येणारी भिंत आमच्या घरात एकच आहे, तिथलं कालनिर्णय आता फ्रीजवर गेलं.

परवा आणखी एका चित्राची बोली लागली. या वेळी इन्व्हॉइसचा मजकूर मीच लिहून पाठवलाय, ‘कपडा नाही’ हे शब्द दोनदा घालून.