पंपावर खरंच पेट्रोल मारतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, होस्टेलवर, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनी. बीकॉम करताना पुण्यात पेट्रोल पंपावर होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "खरं सांग, मारतात ना? म्हणजे पैसे पूर्ण घेऊन पेट्रोल कमी टाकतात ना?" दुपारी दोन ते रात्री नऊ उभं राहून अभ्यास कधी करायचीस हे कुणी विचारत नाही. तर एकदाच लिहून टाकते.

110 चं टाक म्हणणारे रोज यायचे. 100 ला सेटिंग असतं म्हणे. अहो, मशीन आधी लिटर मोजतं आणि मग त्याचे रुपये करतं, ज्याला मशीनमध्येच गडबड करायचीय तो 110 ला पण करेल. आता निम्मं पुणं 110 चं टाकतंय, चोर काय अजून 100 वरच बसून राहिलाय?

पण एक दिवस सांगते. संध्याकाळची गर्दी, एक काका 500 म्हणाले, मी 200 ऐकलं. 200 ला थांबलं, ते म्हणाले 500 सांगितलं होतं, मी म्हटलं बरं, आणि झिरो करून 300 लावले. झालं. "हीच ती ट्रिक! व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय!" आणि खरंय, ट्रिक अशीच असते, 200 ला मध्येच थांबायचं, बोलण्यात गुंतवायचं, झिरो न करताच आकडा 300 पर्यंत न्यायचा आणि पैसे 500 चे घ्यायचे. माझी चूक आणि लोकांची चोरी बाहेरून सेम दिसत होती, मी काय सांगणार. मी "टाकायले की काका, पूर्णच टाकायले" म्हणत राहिले. मागची लाईन हॉर्न वाजवतेय, दोघांनी मोबाईल काढले (पंपावर!). मॅनेजरने 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप आणून त्यांच्यासमोर भरलं. 10 मिली कमी. 5 लिटरला 25 मिलीपर्यंत फरक चालतो, तो सरकारी नियम आहे. काका म्हणाले, "बघा, कमीच आहे." मग माझ्याकडे वळून, "कुठली गं तू?"

"परभणी."

"तरीच."

चोर म्हटलेलं मी विसरले असते. त्या "तरीच"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. परभणीचा आणि नोझलचा काय संबंध? तेव्हा मी काहीच बोलले नाही. मैत्रिणी म्हणतात बोलायला पाहिजे होतंस. बोलले असते तर शिफ्ट गेली असती, रूमचं भाडं कोण देणार होतं? पण खरं सांगायचं तर भाडं वगैरे नंतर सुचलं. तेव्हा नुसती लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी "टाकतेय" म्हणायला लागले.

आणि हो, सुट्टे नाहीत म्हणून दोन-दोन रुपये मी पण ठेवलेत. रात्री हिशोबात शॉर्ट आला की आमच्याच पगारातून कापायचे, म्हणून. हे कारण आहे का बहाणा, त्या वेळी मला कारण वाटायचं.

पेट्रोल मी मारलं नाही. दुसरे मारत नाहीत असं मी छातीठोक सांगणार नाही.

दिवाळीत परभणीला भावाच्या गाडीत पेट्रोल टाकायला गेले. पंपावरचा पोरगा नोझल उचलायच्या आधीच म्हणाला, "झिरो बघा ताई." मी गाडीवरून उतरून, वाकून बघतच होते.